केडगावच्या रुळांवर

प्रतिभानं रोहिदासला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दोघं केडगाव स्टेशनात फलाटाच्या भिंतीला चिकटून खाली खडीत पडले होते आणि वीतभर अंतरावरून गाडी धडधडत चालली होती.

"हलायचं न्हाई!" तो तिच्या कानाशी ओरडत होता. "श्वास घ्या... पन हलू नका!"

चाकांची गरम हवा, तापल्या लोखंडाचा वास आणि त्या अनोळखी माणसाच्या शर्टाला येणारा दुधाचा आंबूस वास — एवढंच तिच्या लक्षात राहिलं. तिच्या कपाळाला सात टाके पडले. त्याच्या उजव्या खांद्याला डब्याची पायरी लागली होती. हाड मोडलं होतं.

प्रतिभा दौंडच्या एका लॅबमध्ये कामाला होती. रोज सकाळच्या शटल गाडीनं जायची. वरवंडच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. रोहिदास न्हावऱ्याचा, दूध संकलन केंद्रात दुधाचं फॅट मोजायचा. त्या दिवशी तो बहिणीला गाडीत बसवून द्यायला आला होता.

आठवड्याभरात गावात कुजबुज सुरू झाली. पोरगी पडली न्हाई, तिनं उडी टाकली! वरवंडहून निरोप आला — असं काही असलं, तर आम्हाला विचार करावा लागंल. तिची आई, तुळजाबाई, तिच्यापुढं हात जोडून बसली.

"त्या पोराला भेट, बाई. त्यानं बघितलंय. त्यानं चार मानसांत सांगितलं, तर तोंडं बंद हुतील."

म्हणून ती एसटीनं न्हावऱ्याला गेली. ऐन थंडीत मळभ आलं होतं. कांद्याच्या वाफ्यांवर उजेडच नव्हता. केंद्राच्या ओट्यावर रोहिदास डाव्या हातानं काहीतरी लिहीत बसला होता. उजवा हात गळ्यात अडकवलेला.

"मला वाटलं, तुम्ही वळख दाखवनार न्हाई," तो म्हणाला.

"ज्याच्या अंगाखाली दबून जीव वाचला, त्याला विसरेन होय?"

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे... तसं नाही म्हणायचं मला—"

"कळलं, कळलं." तो हसू दाबत वहीत बघू लागला. "हे अक्षर बघा. पहिलीतलं पोरगं बरं."

"वाचता येतंय की... थोडंफार."

हसणं विरलं. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "लोक काय बोलत्यात, कानावर आलंय माझ्या. वरवंडला जाऊन सांगतो मी. चक्कर येऊन पडल्या म्हणून. सांगू?"

याचसाठी ती आली होती. पण 'हो' तोंडातून फुटेना.

"चक्कर आली, हे खरं आहे," ती म्हणाली. "त्या सकाळी वरवंडहून त्यांचा फोन आला होता. नोकरी सोड, लग्नाआधीच सोड. मी काही खाल्लं नव्हतं. फलाटावर तोल गेला. पण... पडल्यावर भोंगा ऐकू आला मला. उठता आलं असतं. मी..."

"उठला न्हाई," तो म्हणाला. "मी वरनं हाक मारली. तुम्ही माझ्याकडं बघितलं आन् डोळं मिटलं."

ती ओट्याच्या कडेला बसली.

"मग कुणाला बोलला का नाही तुम्ही?"

"ते तुमचं हाय. मी कोन सांगनारा?"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. तो जवळ आला नाही. एका हातानं दुधाचे रिकामे कॅन ओढून त्यानं रस्त्याच्या बाजूला रचले, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसू नये म्हणून.

"वरवंडला जाऊ नका," डोळे पुसत ती म्हणाली. "मीच सांगते, मला त्या घरात जायचं नाही."

तिनं सांगितलं. लग्न मोडलं. कुजबुज वाढली, तुळजाबाईनं अबोला धरला. प्रतिभा कामावर जायला निघाली, तर फलाटावर पायच उचलेनात. दोनदा ती तिकीट काढून घरी परतली. हे तिनं फोनवर त्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी रोहिदास स्टेशनातल्या बाकावर बसलेला होता.

"बहिणीला सोडायला आलात?"

"ती गेली कवाच सासरी."

मग तो रोज येऊ लागला. गाडी येईपर्यंत दोघं फलाटाच्या मधोमध, कडेपासून लांब उभे राहायचे. कधी बोलायचे, कधी नुसतेच.

पंधराएक दिवसांनी तो म्हणाला, "डाक्टर म्हनला, हात खांद्याच्या वर जानार न्हाई आता. कायमचाच."

"माझ्यामुळं..."

"गाडीमुळं." तो थांबला. चपलेनं फरशी घासू लागला. "एक इचारायचं हुतं. न्हावऱ्याहून रोज यायला लांब पडतं... तुम्हीच न्हावऱ्याला आला तर?"

ती म्हणाली, "दौंडची नोकरी सोडणार नाही मी."

"सोडा कोन म्हनतंय? रोज स्टेशनला आनून सोडीन की."

भोंगा वाजला. शटल आत शिरली तशी प्रतिभा दोन पावलं मागं सरली. त्यानं डावा हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला आणि एकेक पाऊल टाकत कडेपर्यंत गेली. डब्यात चढून वळली.

"रविवारी आईकडं या," ती म्हणाली. "ती बोलणार नाही तुमच्याशी... पण चहा देईल."