टाकीतला जवाब

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सकाळी अंबादास आनंदला कामावर न्यायला कांचघर मोहल्ल्यातल्या गल्लीत आला, तेव्हा शकुवहिनी दारात बसून भेंड्या चिरत होत्या. आनंद आत बूट शोधत होता. वहिनींनी चहा दिला आणि गेली सव्वीस वर्षं या दिवशी त्या जो प्रश्न विचारत आल्या होत्या, तो विचारला.

"भाऊजी, त्या दिवशी ह्यायनं जवाब देल्ला होता ना?"

"दिला होता, वहिनी."

"तीन ठोके?"

"तीन. तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत."

"मंग तोंडावरचा मास्क काहून काढला असन हो?"

या शेवटच्या प्रश्नाला अंबादास खाली मान घालून चहा पीत राही, कपातला चहा संपला असला तरी.

ज्यांच्याबद्दल वहिनी विचारत होत्या तो विष्णू, त्यांचा नवरा आणि अंबादासचा जोडीदार. पनागरच्या रस्त्यावर भट्टीच्या विटांचा एक कारखाना आहे. विटा भाजायचा गॅस बनवणाऱ्या त्याच्या गॅसघरात दोघं एकत्र कामाला होते, आणि तिथल्याच टाकीत विष्णू मेला. आनंद तेव्हा दहा वर्षांचा होता. आता छत्तिशीचा झालेला आनंद त्याच गॅसघरात ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबत होता. बापाच्या जागी त्याला कायमची नोकरी मिळायला हवी होती. ती का मिळाली नाही हे अंबादासला नीट ठाऊक होतं, आणि ते पोटात ठेवून तो व्यवस्थित जेवत होता, झोपत होता. दोन वर्षांपूर्वी हारतुरे घेऊन निवृत्तही झाला. पण ते जुनं यंत्र दुसऱ्या कुणाला उमजेना, म्हणून कारखान्यानं त्याला परत बोलावलं. खाल्लेलं पचतं म्हणतात, पण प्रत्येकाचं पचतंच असं नाही.

ते यंत्र होतंही तसंच विचित्र. मोठ्या गोल भट्टीत कोळसा लाल होईपर्यंत हवा फुंकायची. मग हवा बंद करून त्याच निखाऱ्यांवर वाफ सोडायची. निखारा आणि वाफ यांची झटापट होऊन गॅस तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दोनचार मोठे श्वास घेतले की माणूस गुपचूप आडवा होतो. हा गॅस पुढच्या तापलेल्या कोठीत जातो, तिथं त्याच्यावर तेलाचा फवारा मारतात. तेलाची वाफ मिसळली की गॅसला जोर येतो आणि वासही येतो, घशात बसणारा, रॉकेल आणि डांबराचा. नव्या पोरांना अंबादास सांगायचा, "वास येऊन राह्यला तोवर देवाचे आभार माना. वास गेला का पळा." कारण यंत्र बंद करताना तेल आधी बंद करतात. नळांमध्ये शेवटी जो गॅस उरतो तो बिनवासाचा असतो.

हा गॅस ज्यात धुतला जाई ती टाकी दोन माणूस रुंद आणि तीन मजले उंच होती. आत लाकडी फळ्यांचे थर, आणि त्यांवर वर्षभराचं डांबर. पूजेला सगळं बंद असतं, म्हणून ते खरवडायचं काम नेमकं त्याच दिवशी निघे. एक माणूस खालच्या झाकणातून आत शिरून शिडीनं वर जाई, एक बाहेर थांबे. बाहेरच्यानं दर पाच मिनिटांनी लोखंडावर तीन ठोके द्यायचे, आतल्यानं तीन परत द्यायचे. त्याला जवाब म्हणत. तीन म्हणजे मी ठीक आहे. न थांबता सलग ठोके म्हणजे मला बाहेर काढा. आतल्याची हातोडी पितळेची असे, कारण लोखंडाची ठिणगी तिथं परवडत नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी विष्णू आत होता आणि बाहेर अंबादास. पावणेतीनला कुणीतरी ओरडत गेलं की अंगणात पूजेचे डबे वाटायला लागलेत, स्टीलचे, चार खणांचे, उशिरा येणाऱ्याला मिळायचे नाहीत. अंबादास गेला. रांग मोठी होती. तो परत आला तेव्हा साडेतीन होत आले होते. त्यानं ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग दोर ओढला तेव्हा विष्णू पोत्यासारखा खाली आला. मास्क गळ्यात लोंबत होता आणि हातोडी मुठीत घट्ट होती. मास्क लावून त्या उकाड्यात दहा मिनिटंही काम होत नाही, हे साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हाच्या साहेबानं दार लावून घेऊन समजावलं, "तू जागा सोडलीस हे निघालं तर तुझी नोकरी जाईल, माझीही. आपण लिहू की तीन-दहापर्यंत जवाब येत होता. म्हणजे माणूस शुद्धीत होता, मास्क त्यानं आपल्या हातानं काढला. कुणालाच त्रास नाही." त्या 'कुणालाच'मध्ये शकुवहिनी आणि दहा वर्षांचा आनंद धरलेले नव्हते. अंबादासनं सही केली, आणि चूक विष्णूचीच ठरल्यानं बापाच्या जागची आनंदची नोकरी बुडाली. तो डबा अजून त्याच्या घरी आहे. त्याला साधा पोचा आलेला नाही.

तर या वर्षीच्या पूजेला आनंद टाकीत शिरणार होता. विनीता नावाची सुरक्षा अधिकारी होती, तिशीतली, कामाला चोख. तिनं आतली हवा यंत्रानं तपासली, ठीक म्हणाली. गॅसच्या मोठ्या नळाला पाण्याचं बूच होतं. वाकड्या नळात पाणी भरलेलं असलं की गॅस अडतो. तेही तिनं पाहिलं.

"हातोडी तर पूजेत ठेवली ना, काका," आनंद हसून म्हणाला. खरंच, शेडच्या दारासमोर टेबलावर औजारं मांडली होती, त्यांत पितळी हातोडीही, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून. पूजेत मांडलेल्या औजाराला त्या दिवशी हात लावत नाहीत; एरवी ही हातोडी कामासाठी बाजूला ठेवत, यंदा राहून गेलं. "मी ह्या मोगरीनं ठोकतो. लाकडाची हाय, चलेगा." तोंडावर मास्क चढवून, कमरेला दोर बांधून तो आत गेला.

अंबादास स्टूल घेऊन टाकीला चिकटून बसला. दुपारचे दोन वाजले होते, सप्टेंबरचं चिकट ऊन पत्र्यावर तापत होतं. त्यानं कुदळीच्या दांड्यानं तीन ठोके दिले. आतून मोगरीचे तीन आले, ढप, ढप, ढप. उशीवर मारावेत तसे मऊ आवाज होते. त्याला कान लावून ते ऐकावे लागत होते.

अडीचला विनीता आली. "काका, इस बार स्टील की बोतल मिल रही है. जाइए, ले आइए, मैं बैठती हूँ."

"नहीं, बेटा. मैं यहाँ से नहीं हिलूँगा."

ती गेली. अंबादासला फार बरं वाटलं. त्या एका नकारानं जुनं सगळं फिटल्यासारखं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला लाजही वाटली नाही. तो घड्याळ मांडीवर ठेवून बसला आणि एकही वेळ चुकवली नाही.

दोन-पन्नासला जवाब आला तो खणखणीत आला. टण, टण, टण. कान लावायचीही गरज पडली नाही. पोरगं जोमात आहे, असं अंबादासच्या मनात आलं. पंचावन्नला तसाच. तीनला तसाच, तीन-पाचला तसाच. अंगणात कुणी भजन लावलं होतं, टाकीला डांबराचा नेहमीचा वास येत होता, आणि तो वास पातळ होत चाललाय हे त्याच्या नाकाला कळलं, पण मनापर्यंत पोचलं नाही. जवाब येत होता ना.

तीन-दहाला त्यानं ठोकलं. टण, टण, टण.

घड्याळावरची नजर वर उचलताना ती सहज शेडच्या दारातून बाहेर, पूजेच्या टेबलावर गेली. पितळी हातोडी तिथंच होती. हार जिथल्या तिथं होता, कुंकू पुसलेलं नव्हतं. त्यानं झाकणात तोंड घातलं. आत काळोख होता आणि कसलाही वास नव्हता.

"आनंद... ए आनंद... मोगरीनं ठोक रे बाबा. मोगरीनं..."

वरून, अगदी शांतपणे, टण... टण... टण.

तो ओरडत दोर ओढायला लागला. लोक धावले. आनंद खाली आला तेव्हा मास्क गळ्यात लोंबत होता आणि मोगरी कमरेच्या पट्ट्यात खोचलेली होती. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन अर्धा तास झाला असेल. पाण्याचं बूच कुठंतरी झिरपत होतं, थेंब थेंब पाणी उतरत जाऊन गॅसला वाट मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी विनीतानं अपघाताचा जबाब लिहायला घेतला. तिचे डोळे सुजले होते.

"काका, जवाब आ रहा था?"

"हाँ."

"कब तक?"

"तीन दस." मग त्याच्या तोंडातून निघून गेलं, "पर वो..."

"वो क्या?"

तो आनंद नव्हता, असं म्हणावं तर ती विचारणार, मग कोण होतं? विष्णू म्हणावं, तर विष्णू का जवाब देतो तेही सांगावं लागणार. अंबादासला आता ते सगळं कळलं होतं. विष्णू सूड घ्यायला आला नव्हता. त्यानं जवाब दिला असं कागदावर लिहिलं होतं, खाली सही होती, आणि मेलेला माणूस बिचारा लिहून दिलेलं काम करत होता. आपण कुणाच्या नावानं ठीक आहे म्हणतोय, हेही त्याला माहीत नसावं. हे एवढं बोललं असतं तर निदान पोराच्या माथी खोटं बसलं नसतं. पण बासष्ट वर्षांच्या माणसालाही अब्रू प्यारी असते.

"कुछ नहीं," अंबादास म्हणाला.

"मतलब होश में था. मास्क खुद उतारा," विनीता लिहीत लिहीत पुटपुटली. त्यानं सही केली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शकुवहिनी कारखान्यात आल्या. जागा पाहू द्या म्हणाल्या. दुपारची वेळ होती, गॅसघर बंद होतं, टाकीच्या झाकणाला लाखेचं सील होतं. अंबादास त्यांना घेऊन गेला. लोखंडाकडे बघत त्या म्हणाल्या, "भाऊजी, आनंदनं जवाब देल्ला होता ना?"

अंबादासनं खाली बघितलं. आज हातात कप नव्हता.

"वहिनी... विष्णूनं त्या दिवशी जवाब दिला नव्हता. मी इथं नव्हतोच. डब्याच्या रांगेत उभा होतो. आलो तेव्हा सगळं संपलं होतं. जवाब आला म्हणून मी खोटं लिहून दिलं."

वहिनींनी हात उचलला आणि बोटांच्या पेरांनी टाकीवर तीन ठोके दिले.

आधी काहीच झालं नाही. मग आतून टण आला. दुसरा आला, तिसरा आला, चौथा आला, आणि ते थांबेनात. टण टण टण टण, पितळेचा वेडापिसा आवाज, सगळं लोखंड थरथरायला लागलं. सव्वीस वर्षांपूर्वी अंबादास रांगेत पुढचा माणूस कधी सरकतो ते बघत होता, तेव्हा इथं हेच चाललं होतं.

"हे काय म्हणून राह्यले, भाऊजी?"

"बाहेर काढा... म्हणून राह्यले."

वहिनींनी टाकीला कान लावला. मग त्या हळूच म्हणाल्या, "आनि हा दुसरा?"

अंबादासनं कान टेकला. पितळेच्या त्या कल्लोळाखाली, मऊ, सावकाश, नेमानं काहीतरी वाजत होतं. ढप. ढप. ढप. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा तीन.

"हा माझा आनंद होय ना? हा काहून 'बाहेर काढा' म्हणून नाही राह्यला?" त्यांनी अंबादासकडे बघितलं. "त्याच्याबद्दल काय लिहून देल्लं तुम्ही?"

"...जवाब येत होता म्हणून. तीन-दहापर्यंत."

"जा. तो कागद घेऊन या," वहिनी म्हणाल्या. "मी बसते इथं."

अंबादास या वयात धावत ऑफिसात गेला. विनीता जागेवर होती. मागच्या काचेच्या कपाटात मोगरी चिठ्ठी बांधून ठेवलेली होती, डांबर सुकलेली.

"वो काग़ज़... बेटा, वो मुझे बदलना है."

"काका, फ़ाइल तो कल ही भोपाल के बड़े दफ़्तर चली गई," विनीता म्हणाली.

तो परत आला तेव्हा पितळेचा आवाज बंद झाला होता. खरं सांगितलं गेलं म्हणून विष्णू सुटला असावा; आनंदवरचा खोटा कागद मात्र तसाच होता. शकुवहिनी टाकीला पाठ लावून अंबादासच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ मागितलं, मांडीवर ठेवलं, आणि पाच मिनिटं होताच बोटांनी तीन ठोके दिले. आतून लाकडाचे तीन आले.