पाणी अजून कच्चं आहे

हेमिशला मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. दोन काचांतून, खरं तर.

ब्यूटी पॉइंट या आमच्या गावच्या धक्क्यावर त्या दुपारी असा वारा सुटला होता की सीगल पुढे उडायचे आणि मागे जायचे. एक उंच, रिकामी काचेची टाकी छातीशी कवटाळून मी घराकडे निघाले होते. तेवढ्यात टाकीच्या पलीकडे एक चेहरा आला. केस विस्कटलेले, नाक काचेला जवळजवळ टेकलेलं.

"आत राहायला जाताय का?" चेहऱ्याने विचारलं.

"मी नाही. समुद्रघोडे."

"अरे वा! आणि टाकी उंच घेतलीत. शाबास! लोक बुटक्या घेतात आणि मग आमच्याकडे रडत येतात." त्याने हनुवटीने धक्क्यावरच्या लांबलचक शेडकडे खूण केली. तिथे समुद्रघोड्यांची पैदास होते. "मी तिथला दाई आहे म्हणा ना. धरू का दुसरी बाजू? नाहीतर तुम्ही वाऱ्याबरोबर पार समुद्रात जाल."

धरली त्याने दुसरी बाजू. घरापर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे काचेतून बघत, खेकड्यासारखे आडवे चालत आलो.

समुद्रघोडे हवे होते माझ्या बाबाला. मर्व्ह त्याचं नाव. जन्मभर नदीच्या मुखाशी बुड्या मारून त्याने शिंपले काढले. धक्क्याखाली, जुन्या दोरांना शेपटी गुंडाळून डुलत बसलेले समुद्रघोडे त्याला रोज भेटायचे. कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी बुडी बंद केली, तेव्हापासून तो खिडकीत बसून नदीकडे रुसल्यासारखा बघायचा. मला एकदाच म्हणाला होता, "पोरी, त्या घोड्यांची आठवण येते गं."

हेमिश मग कामावरून सुटला की रोज यायला लागला. समुद्राचं पाणी आणलं. पंप अगदी हळू केला, कारण हे घोडे नावाचेच घोडे. जरा प्रवाह वाढला की कोलमडतात. नळीच्या तोंडावर स्पंज बांधला, शेपटी ओढली जाऊ नये म्हणून. घोड्यांना धरून बसायला बाबाने आपल्या जुन्या दोराला सुंदर गाठी मारून दिल्या.

"झालं? मग आण घोडे!" बाबा म्हणाला.

"पाणी कच्चं आहे अजून, मर्व्ह. पिकावं लागतं. घाण खाणारे बारीक जंतू आत वाढले की मग. नाहीतर घोडे स्वतःच्याच घाणीने मरतील."

"किती दिवस?"

"ते पाण्याला विचारायचं."

पाण्याला विचारायचं म्हणजे काय, तर काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, आणि खिडकीशी उजेडात धरायचं. हिरवं झालं तर कच्चं. पिवळं झालं तर पिकलं. नळी एवढीशी... त्यामुळे डोकी जवळ आणावी लागायची. त्याच्या बाहीला मिठाचा आणि साबणाचा वास यायचा.

"हिरवं," तो हळूच म्हणायचा.

"हिरवं..." मीही म्हणायचे.

बाबाने खुर्ची टाकीसमोर ओढली होती. चहाचा मग घेऊन तो रिकामं पाणी बघत बसे. "छान आहे दोर," म्हणायचा. "काल जरा डावीकडे होता."

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला. दरवर्षी मी चॉकलेट सोडते. या वर्षी खोटं बोलणं सोडायचं ठरवलं होतं, अगदी बारीकसारीकसुद्धा. सकाळी मेणबत्ती लावून तसं देवाला सांगितलंही. हेमिशच्या लक्षात आलं की मी शुक्रवारी मांस खात नाही, मासळी मात्र चालते. मग शुक्रवारी तो शिंपल्यांची करी भरलेल्या गरम पेस्ट्र्या आणायला लागला. माझ्यासाठी एक, बाबासाठी दोन.

"आवडली?" त्याने विचारलं.

"मीठ जास्त आहे."

"बापरे! हे व्रत चांगलंच धारदार आहे."

"पण तू आणलीस ते आवडलं," मी म्हटलं. तेही खरंच होतं. तो पेस्ट्रीच्या कागदाच्या घड्या घालत बसला.

आणि मग एके दिवशी नळी उजेडात धरून तो म्हणाला, "आज जरा पिवळसर वाटतंय."

पाणी पिवळं, की घोडे येणार. घोडे आले, की हेमिशचं काम संपणार. मग तो कशाला येईल?

तो गेल्यावर मी बाबाच्या गळाच्या आमिषाच्या डब्यातली एक कोळंबी घेतली आणि टाकीतल्या दगडामागे सारली. सडली की पाणी पुन्हा कच्चं होणार, एवढं मला समजत होतं. हे खोटं बोलणं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी मात्र मी डोळे जरा घट्टच मिटले.

दुसऱ्या दिवशी, "हिरवं. अरेरे!" हेमिश म्हणाला. "उद्या पुन्हा यावं लागणार."

"नाइलाज आहे," मी म्हटलं.

असं चाललं बरेच दिवस. रोज एक कोळंबी, रोज एक हिरवं. मग एका संध्याकाळी बाबा टाकीशी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला दिसला.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही. घोडे आज येतील असं वाटलं." त्याने मगात बघितलं. "पिकेल ना गं हे पाणी? मी आहे तोवर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून कोळंबी बंद. मोठ्या मनाने मी हेमिशला सोडून दिलं... मनातल्या मनात.

पण पाणी हिरवंच! दुसऱ्या दिवशी हिरवं, तिसऱ्या दिवशी हिरवं. हेमिश मान हलवायचा आणि माझा जीव खाली-वर व्हायचा. पाणी कायमचं नासलं होतं. बाबाचे घोडे मी घालवले होते.

गुड फ्रायडेला सकाळी आम्ही तिघं त्या दिवसाचे, वर क्रूस काढलेले गोड बन खात बसलो होतो. बाबा गळाचा डबा घेऊन आला.

"माझ्या कोळंब्या कोण खातं? आपल्याकडे मांजर नाही."

हेमिशने माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "ब्रॉनी, तू टाकीत काही टाकलंस?"

विचारलं! शेवटी विचारलंच कोणीतरी.

"हो," मी म्हटलं. "कोळंबी."

"का?"

बन खाली ठेवून पळावंसं वाटलं. पण व्रत म्हणजे व्रत. "पाणी पिकलं तर तू यायचा बंद होशील म्हणून."

बाबा लोणी लावता लावता थांबला.

"मी सगळं नासवलं," माझा आवाज फुटला. "बंद केलं मी, तरी हिरवंच आहे. आता बाबाचे घोडे—"

हेमिश कानापर्यंत लाल झाला होता. तो उठला, नळी भरली, थेंब टाकले आणि माझ्या हातात दिली. "बघ. आज तू बघ."

मी बघितली. पिवळी! लिंबाच्या सालीसारखी पिवळीधमक!

"पहिल्या कोळंबीने खरंच हिरवं झालं होतं," तो म्हणाला. "पण ती कुजली की त्या जंतूंची मेजवानीच. तू रोज खायला घातलंस, ते माजले. हे पाणी कधीच पिकलंय, ब्रॉनी. तुझ्याच कोळंब्यांनी पिकलंय."

"मग तू रोज हिरवं, हिरवं—"

"दगडामागे मला कोळंबीची शेपटी दिसली होती. म्हटलं... दोघांनाही घाई नाही तर..."

"पण मीही बघत होते ना नळीकडे!"

"तू?" तो हसला. "तू नळीकडे कधी बघत होतीस?"

व्रतात गप्प बसायला बंदी नव्हती.

"माझा शर्ट पुन्हा इस्त्री करावा लागणार," बाबा गरजला. "गाढवं कुठली! सोमवारी घोडे आले नाहीत तर दोघांना धक्क्यावरून ढकलीन!"

ईस्टरच्या सोमवारी ते आले. एक नर, एक मादी, पिवळट तपकिरी, पोटं पुढे काढून मानकऱ्यांसारखे. पिशवीतून सुटले आणि पाण्यात उभेच्या उभे तरंगत राहिले, बिचकलेले. बाबा शर्टात, श्वास रोखून. आम्ही दोघं त्याच्या खुर्चीमागे.

"उद्यापासून पाणी तपासायचं नाही," मी हळूच म्हटलं. "मग कशासाठी येशील?"

"तुझं व्रत संपलं ना काल?"

"हो."

"मग आजपासून माझं. खरंच सांगतो... तुझ्यासाठी येईन. घोडे असोत-नसोत."

माझ्या करंगळीभोवती त्याची करंगळी हलकेच वळली. मी सोडवली नाही.

"धरलं!" बाबा ओरडला. "एकदाचं धरलं!"

मी टाकीत पाहिलं. दोन्ही घोडे अजून अधांतरीच होते, दोरापासून लांब. बाबा टाकीकडेच बघत होता... पण काचेत आम्हा दोघांचं प्रतिबिंब लख्ख पडलं होतं.