पिना माहेरी गेल्या

"हिंदे होगि, हिंदे होगि," कंडक्टर ओरडला.

"हां हां, हिंदी में ही तो बोल रहा हूँ," तो म्हणाला.

बायकांच्या बाकांवर खसखस पिकली. ही १९९५ सालची गोष्ट. बंगळूरच्या मॅजेस्टिक स्थानकाहून पीण्या भागातल्या कारखान्यांकडे जाणारी सकाळची बस, पुढचं दार बायकांचं, मागचं पुरुषांचं, आणि हे महाशय पुढून चढून, कागदांची भेंडोळी छातीशी धरून बरोब्बर मध्ये उभे. कंडक्टर पुन्हा ओरडला. महाशयांनी पुन्हा, आणखी नम्रपणे, आपण हिंदीच बोलत असल्याचं सांगितलं.

बायकांच्या बाकावर बसलेल्या संयोगिताला राहवेना. भेंडोळ्यावर देवनागरीत लिहिलेलं 'पुणे' तिनं केव्हाच वाचलं होतं.

"अण्णा, हिंदे म्हणजे मागं. मागं जावा म्हणतोय तो."

तो गर्रकन वळला. "तुम्ही मराठी?"

"तीनशे वर्षं झाली इथं येऊन. पण आधी मागं जावा, नाहीतर तो बस सोडायचा नाही."

तो गेला मागं. पण पीण्याच्या थांब्यापर्यंत संयोगिताला आपल्या पाठीची उगाचच आठवण येत राहिली. वेणी सरळ आहे ना, हे तिनं दोनदा चाचपून पाहिलं. काय गरज होती, कुणास ठाऊक.

थांब्यावर दोघं एकदमच उतरले, आणि एकाच फाटकातून आत गेले.

शेषगिरींच्या त्या कारखान्यात पंपांना लागणाऱ्या पोलादी पिना घासून तयार होत. प्रत्येक पिन शेवटी संयोगिताच्या मापन खोलीत यायची. केसाचा तिसावा हिस्सा इकडेतिकडे झाला तरी ती पिन नापास. चप्पल बाहेर काढूनच आत यायचं, एवढी ती खोली सोवळ्यातली. सहा वर्षं संयोगिता तिथं माप घेत होती आणि तिच्या सहीशिवाय एक पिनही फाटकाबाहेर जात नव्हती. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

दहा वाजता शेषगिरींनी सगळ्यांना बोलावलं. "हे विद्याधर, पुण्याहून आलेत. आपलं नवं कॉम्प्युटरचं यंत्र बसवणार. ते पिन घासतं आणि घासता घासता स्वतःच मोजतं. शंभर पिनांची परीक्षा घेऊ. शंभरही पास झाल्या, की मापन खोलीची गरज नाही. तिथल्या बायका पॅकिंगला."

मग ते संयोगिताकडे वळले. "परीक्षेची मापं तूच घ्यायची. सहीही तुझीच."

म्हणजे आपल्या खोलीच्या कुलपाला किल्ली आपणच लावायची. संयोगिता "सरी सार", म्हणजे बरं साहेब, म्हणाली आणि खोलीत जाऊन बराच वेळ एकच पिन पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विद्याधर पिनांची चौकशी करायला आला, तेव्हा खोलीत एकटी गंगव्वा होती. गंगव्वा निपाणीकडची, संयोगिताची जोडीदारीण, तिला अक्का म्हणायची. तिचं मराठी ज्यानं समजून घ्यायचं त्यानं घ्यावं.

"पिना कुठायत?"

"माहेरी धाडल्याती."

"कुणाच्या माहेरी?"

"अक्कांच्या. अर्ध्या तासानं या."

विद्याधर दारातच थबकला. मग बूट घालून निघून गेला.

त्या दिवसापासून तो संयोगिताला 'वहिनी' म्हणू लागला. 'वहिनी, सकाळची मापं?' 'वहिनी, पेन देता?' पहिल्यांदा तिला आश्चर्य वाटलं. मग तिनं मनाशी ठरवलं, जसं आम्ही इथं दिसेल त्याला अण्णा म्हणतो, तसं पुण्यात दिसेल तिला वहिनी म्हणत असतील. रीत असेल एकेका गावाची.

पण तो हसायचा छान. यंत्राशी बोलायचा मराठीत—"असं नको ना करूस, राजा"—आणि हातावरचं यंत्रातलं दुधी पाणी नकळत शर्टाला पुसायचा. संयोगिता हे सगळं काचेतून बघायची. आपली रोजी काढून घेणारा माणूस आपल्याला आवडू लागला, याचा तिला स्वतःवरच राग यायचा. राग आला म्हणून बघणं मात्र थांबत नसे.

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, एकदा दोघं उभी होती.

"बाय-टू सांगू?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"एक कॉफी, दोन कपांत. अर्धी तुम्हाला, अर्धी मला."

त्याचे कान लाल झाले. "नको वहिनी… दोन वेगळ्याच घेऊ. बरं दिसत नाही ते."

अख्खं बंगळूर बाय-टू पितं, आणि या पुणेकराला बरं दिसत नाही. संयोगिता आपली कॉफी एका घोटात संपवून निघाली.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या पन्नास पिना अचूक उतरल्या. दुपारच्या पन्नासांपैकी सदतीस बारीक निघाल्या, दोन-दोन, तीन-तीन मायक्रॉननं. यंत्र म्हणत होतं बरोबर, संयोगिता म्हणत होती नापास.

विद्याधर तिच्यासमोर उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"वहिनी, राग मानू नका. पण तुमची खोली या मापांवर अवलंबून आहे."

"म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"तसं नाही म्हणत. पण… पिना अर्धा तास कारखान्याबाहेर असतात. तिथं काय होतं, कुणी सांगावं?"

"बाहेर? कुठं बाहेर?"

"तुमच्या माहेरी."

मग गंगव्वा पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती भिंतीला टेकूनच थांबली. संयोगितालाही हसू येत होतं, पण ती भयंकर चिडली होती. दोन्ही एकदम होत असल्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या इकडं," ती म्हणाली. "बूट काढून या."

कोपऱ्यात चौरंगाएवढी काळ्या दगडाची लादी होती. तिच्यावर पिना ओळीनं निजल्या होत्या.

"यंत्रातून निघालेली पिन तापलेली असते, अण्णा. तापलेली म्हणजे स्वल्प फुगलेली. तशी मोजली तर माप खोटं येतं. म्हणून हिच्यावर अर्धा तास टेकवायची, निवली की मोजायची. सासरहून दमून आलेल्या लेकीला आल्या आल्या काही विचारतात का? म्हणून हे माहेर. नाव गंगव्वानं ठेवलेलं, लादी माझ्या ताब्यात. म्हणून माझं माहेर."

विद्याधरनं लादीवर हात ठेवला. त्याला एकदम दोन गोष्टी उमगल्या, आणि त्यांपैकी आधी कुठली बोलावी हे त्याला कळेना.

"पुण्याला हे यंत्र थंड खोलीत होतं… इथं दुपारी पत्रे तापतात. म्हणजे माझं यंत्र लेकीला सासरीच मोजतंय."

"हो."

"आणि… तुमचं सासर?"

"कुठलं सासर? मला तर माहेरसुद्धा नाही अजून. नुसतं घर आहे." मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणून वहिनी होय?"

तो कानांपर्यंत लाल झाला. पुढच्याच क्षणी मात्र त्याचा चेहरा पडला.

"संयोगिता, हे मी यंत्रात घातलं तर शंभर पिना पास होतील. मग ही खोली… तुम्ही सांगितलं नसतं तर मला महिनाभर कळलं नसतं."

तेही तिला आत्ताच, बोलून झाल्यावर कळत होतं.

"पिन बरोबर असली तर बरोबर म्हणायचं," ती हळूच म्हणाली. "सहा वर्षं तेच केलंय. शेवटच्या दिवशी काय वेगळं करू?"

त्यानं यंत्राच्या आज्ञांत एक ओळ वाढवली. शेवटचा हात फिरवण्याआधी घासणारा दगड मागे घ्यायचा, पिनेवर तीस सेकंद नुसतं पाणी सोडायचं, आणि मग मोजायचं. त्या ओळीला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं—एम, ए, एच, ई, आर.

पुन्हा घेतलेल्या परीक्षेत शंभरही पिना पास झाल्या. संयोगितानं एकेक पिन निवू दिली, एकेक मोजली, आणि खाली सही केली. रडली ती नंतर, नळापाशी.

"यंत्राला माहेर दिलंस, अक्का," गंगव्वा म्हणाली, "आन मला पॅकिंग." त्यात विष नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

शनिवारी दर्शिनीत विद्याधर म्हणाला, "मंगळवारची गाडी आहे माझी. शेषगिरींना सांगितलंय, यंत्राला ते समजणारं माणूस हवं, आणि ते या कारखान्यात एकच आहे. सहा आठवडे पुण्याला शिकायचं, मग यंत्र तुमच्या हाती. ते हो म्हणाले."

"उपकार करताय?"

"नाही. यंत्राला शिकवलंत तुम्ही. आता त्याची भाषा तेवढी शिका."

तो कपाळ पुसत राहिला. "पुण्यात हवा बरी असते… म्हणजे, फार बरी नाही, पण…"

संयोगितानं गल्ल्याकडे बोट केलं. "बाय-टू."

या वेळी तो नको म्हणाला नाही. तिनं कॉफी दोन कपांत अर्धी-अर्धी केली, मापून, मायक्रॉनचाही फरक न ठेवता.

"विद्याधर," ती म्हणाली. अण्णा नाही, नुसतं विद्याधर. त्याचा कप हवेतच राहिला. "तुमच्या यंत्राला तीस सेकंदांचं माहेर दिलंत. मला… वर्षातून महिनाभराचं द्याल?"

त्यानं कप जपून खाली ठेवला.

"त्यासाठी आधी सासर लागतं," तो कसाबसा म्हणाला. "पुण्यातलं. चालेल?"

"स्वल्प सांभाळून घेईन."

पुढं वर्षभर तिनं ते यंत्र चालवलं, दोन मुलींना शिकवलं, आणि मगच मंगलाष्टका झाल्या. गंगव्वा सर्वांत पुढं उभी होती, नवं जरीचं लुगडं नेसून.

कैक वर्षांनी संयोगिता सुट्टीत बंगळूरला आली असताना सहज कारखान्यात डोकावली. मापन खोलीच्या जागी आता विजेची कपाटं होती. पिना उचलायला यंत्राचाच हात होता आणि सबंध शेडमध्ये मिळून चार माणसं. पण जुन्या आज्ञा नव्या यंत्रांत जशाच्या तशा उतरवलेल्या. एका पडद्यावर ती ओळ दिसली, आणि संयोगिता तिथंच उभी राहिली.

"ते काय आहे हो?" तिनं तिथल्या मुलीला विचारलं. श्वेता नाव होतं तिचं.

"माहीत नाही, मॅडम. कुठल्यातरी जर्मन शब्दाचं लघुरूप असेल. काढून टाकलं की पिना नापास होतात, म्हणून कुणी हात लावत नाही." मग तिनं आदबीनं विचारलं, "तुम्ही इथं कुणाकडे आलात?"

संयोगितानं पडद्याकडे बोट दाखवलं.

"इथंच आलेय," ती म्हणाली. "महिनाभर."