न मारलेली लाथ

"नाना, हूल द्या! आता डावीकडे!" सुमेधा ओरडली.

साल १८८६. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि कल्याणला शेणाळे तळ्याकाठी आट्यापाट्यांचा डाव ऐन रंगात आला होता. सुमेधाचे वडील त्र्यंबकराव, म्हणजे नाना, शाळेचे हेडमास्तर, पण तेही धोतर खोचून मुलांत उतरले होते. त्यांच्या शाळेतल्या सहदेवने अडवलेली पाटी ओलांडून त्यांनी पुढे झेप घेतली. फट्! आवाज झाला आणि नाना कोसळले.

"कोणी मारली लाथ?" पाय धरून त्यांनी मागे पाहिलं. मागे सहदेव एकटाच होता.

"मास्तर, मी पाटी सोडलीच नाही!"

"वर खोटं बोलतोस? पुन्हा शाळेची पायरी चढू नकोस!"

सहदेवचा बाप दौलत बंदरावर मालाची होडी, पडाव, हाकायचा. हे कळताच त्याने पोराला ओढत घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधा धाकट्या भावाला घेऊन मैदानावर गेली. डावाआधी पाणी शिंपडलेली माती आता वाळली होती.

"मधु, ही नानांची पावलं, आणि ही पाटीवरची सहदेवची. मधे बघ!"

"मधे काहीच नाही! मग लाथ भुतानं मारली?"

"गप रे!"

प्रभाकरशास्त्री वैद्यांनी पाय लचकल्याचं सांगून तेल चोळायला लावलं होतं. घरी येऊन सुमेधा नानांचे पाय चोळू लागली. उजवी पोटरी दाबली की पाऊल खाली झुके. दुखरी डावी दाबली, तर पाऊल ढिम्म!

"मधु, पाय दे."

"अगं, गुदगुल्या होतात!" पण त्याचंही पाऊल झुकलं.

मग नानांच्या डाव्या टाचेच्या वर तिचा अंगठा खोल रुतला. तिथे जाड शीर असायला हवी होती. तिने शास्त्रीबुवांना बोलावून आणलं. त्यांनी बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शीर तुटलीय, त्र्यंबकराव. झेपेच्या ताणानं तुटली. तो आतला तडाखा तुम्हाला लाथ वाटला. आणि मी चोळायला सांगत बसलो!"

"पुन्हा धावता येईल?"

शास्त्रीबुवांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

"सहदेवला बोलवा," नाना म्हणाले.

सहदेव लंगडत आला. दोन्ही पोटऱ्यांवर काठीचे वळ होते.

"बाप म्हणाला, ज्या पायानं मास्तरांना..."

नानांनी त्या वळांकडे पाहिलं. "शाळा तुझीच आहे, सहदेवा. चूक माझी."

"शाबास, पोरांनो!" शास्त्रीबुवा म्हणाले. "आम्ही नुसतं मानलं, तुम्ही पाहिलंत."

"माझी खाट उचलायला चार माणसं बोलव, मधु," नाना म्हणाले. "दौलतला हे मीच सांगायला हवं."

भर दुपारी, सगळ्या गावादेखत, हेडमास्तरांची खाट बंदराच्या वाटेला लागली.