दिव्याखालची शेवंती

जयमाला साळवेंचं पत्र येऊन तेवीस दिवस झाले होते आणि मार्तंडनं त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर सुचत नव्हतं असं नाही. फार सुचत होतं, हीच पंचाईत होती. सोळा वर्षं कॉलेजच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस. दुसऱ्यांची इतकी चांगली वाक्यं वाचलेली, की स्वतःचं एकही धड वाटत नसे. पहिला मसुदा झाला, त्यात भावना जास्त वाटल्या. दुसऱ्यात त्या काढल्या, तर ते पुस्तक परत मागायचं स्मरणपत्र झालं. तिसरा चार पानी झाला आणि चौथ्या पानावरही मुद्दा आला नव्हता. चौथा बरा होता, म्हणून तो एक दिवस ठेवून पुन्हा वाचला, आणि फाडला.

हे सगळं सुरू झालं सप्टेंबरात. शहाण्णव सालची गोष्ट. नगरमधल्या त्या गल्लीत पाऊस नुकताच उघडला होता, पत्र्यांवरून पागोळ्या गळत होत्या, आणि मार्तंड कुंपणाच्या भिंतीलगतच्या वाफ्यात उकिडवा बसून शेवंतीला शेणखत घालत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"ऐकलंत का? गोजरबाईंचं घर हेच ना?"

त्यानं वर पाहिलं. हातात बॅग, अर्धी भिजलेली निळी साडी, कपाळाला चिकटलेली एक बट. मार्तंड उठायला गेला आणि घमेल्यात पाय पडला.

"हे... म्हणजे, ते."

"हे की ते?"

"ते. हे माझं."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, "नाहीतर इथंच राहिले असते."

आणि गेली की सरळ शेजारी! वाक्य टाकणारी टाकून गेली. मार्तंड मात्र हातात शेणखत घेऊन ते वाक्य कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहत राहिला.

गोजरबाई बाहेरगावच्या शिक्षकांना खोली देत. जयमाला तिसगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि शिक्षकांच्या एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नगरला आली होती. वय छत्तीस. मार्तंड एक्केचाळीसचा. तिनं तिचं वय तिसऱ्या दिवशी आपण होऊन सांगितलं. त्यानं त्याचं, ती विचारून दमली तेव्हा.

दुसऱ्याच दिवशी ती भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली.

"झिपरी शेवंती ना ही? पिवळी?"

"असावी. फूल कुठं पाहिलंय अजून! गेल्या वर्षी एक कळी आली नाही. पालाच पाला. माझा हातच नाही लागत फुलझाडांना."

"हाताचा काय संबंध?" तिनं मान वर केली. भिंतीलगत, बरोबर वाफ्यावर, गल्लीचा खांब होता. "हा दिवा कधी लागला?"

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात."

"रात्रभर जळतो?"

"हो. बरा उजेड पडतो. मला ओट्यावर बसून वाचता येतं."

"तुम्हाला वाचता येतं," ती हसली, "आणि हिला झोप येत नाही! अहो सर, शेवंतीला लांबलचक रात्र लागते. दिवस लहान झाला, काळोख वाढला की तिला कळतं, आता फुलायचं. तुमच्या या झाडांना अजून ज्येष्ठच चाललाय असं वाटतंय."

मार्तंड बघतच राहिला. दीड वर्ष त्यानं शेणखत घातलं होतं, पेंड कुजवून घातली होती, आणि सगळा दोष आपल्या हातांना दिला होता. आणि ही बाई भिंतीपलीकडून म्हणत होती, की दोष बल्बचा!

"पुस्तकात असेल ते. बघतो," तो म्हणाला.

"बघा. तोवर मी गोणपाट बघते."

वाफ्यातली झाडं उचलून अंधारात नेता येईनात, म्हणून अंधारच त्यांच्याकडे आणायचा ठरला. चार बांबू, दोरी आणि गोजरबाईंच्या माळ्यावरची गोणपाटं. रोज संध्याकाळी सहाला पांघरायची, सकाळी आठला काढायची. एक दिवस चुकवून चालणार नाही, असं जयमालानं बजावलं. सकाळचं काम मार्तंडचं. संध्याकाळचं खरं तर एकट्याचंच होतं, पण प्रशिक्षणातून परतताना ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून फाटकातून आत यायची, आणि गोणपाटाचं एक टोक तिच्याकडे असायचं.

"ओढा की तुमच्याकडं."

"ओढलं तर तुमच्या बाजूला उघडं पडेल."

"मग या जरा जवळ. गोणपाट काही लांब होणार नाही आता."

एकदा वाऱ्यानं गोणपाट उडालं आणि ते धरायला दोघांचे हात एकाच ठिकाणी गेले. तिनं हात लगेच काढला नाही. त्यानं काढला, आणि मग पुढचे तीन दिवस, का काढला, याचा विचार केला.

गोजरबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. "मार्तंडभाऊ, चार झाडं निजवायला दोन मानसं लागत्यात व्हय? मी पाच लेकरं एकलीनं निजवली!"

"त्यांना अंगाई येत नाही ना, आजी," जयमाला म्हणाली.

"त्याला कायच येत न्हाई," गोजरबाई म्हणाल्या, "मानूस लई चांगला हाय, पर बोलायचं म्हनलं की पार मुहूर्त बघतो."

मार्तंड कानापर्यंत लाल झाला आणि दोरीला आधीच मारलेली गाठ पुन्हा मारू लागला.

एकविसाव्या दिवशी, पानांच्या बेचक्यांत मुगाएवढ्या हिरव्या कळ्या दिसल्या. ती खाली बसून एकेक मोजत होती. बॅग फाटकाशी भरून ठेवलेली होती. तिसगावची गाडी तासाभरानं होती.

"फुलली की कळवाल?"

"कळवतो."

"तुम्ही? चार दिवस तर माझं नाव विचारलं नव्हतंत."

"गोजरबाईंना विचारलं होतं..." तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी."

ती उठली, साडीची माती झटकली. "हे असं काहीतरी दोन-चार वेळा बोलला असतात ना, सर..." एवढंच म्हणाली आणि बॅग उचलली.

दिवाळी झाली. गल्लीतल्या साऱ्यांच्या शेवंत्या फुलल्या, तेव्हा मार्तंडच्या कळ्या फुगत होत्या. नोव्हेंबरात त्या उमलल्या. असा पिवळा रंग, की ओट्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर त्याचा उजेड यावा. तिला कळवायला हवं होतं. त्यानं कळवलं नाही. फुलं पुरती उमलू द्यावीत, मग लिहू, असं त्यानं ठरवलं. पुरती उमलल्यावर आता उशीर झाला, लिहिणं बरं दिसणार नाही, असं वाटलं.

मग तिचंच पत्र आलं. एक पान, निळी शाई, वर्गातल्या फळ्यावर लिहावं तसं गोल अक्षर.

'सर, फुलली असणार. तुम्ही कळवलं नाहीत, म्हणजे कळवायचा विचार करताय असं धरते. आमच्या संस्थेनं मला विचारलंय. नेवाशाच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून जाऊ शकते, किंवा नगरच्या शाखेत आहे तशीच शिक्षिका म्हणून. सोळा डिसेंबरला उत्तर द्यायचंय. नगरला यावं असं काही कारण असलं, तर कळवा. गोजरबाईंची खोली घ्यायला मी येणार नाही, तुमच्या घरात येईन. नाहीतर नेवाशाला जाईन. तुम्ही क्षीरसागर, मी साळवे. हे दोघांनाही वाचता येतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, पोरी, ही माणसं बोलतात गोड आणि वेळ आली की गप बसतात. मी म्हणाले, दादा, हे गृहस्थ मुळात बोलतच नाहीत. आपली, जयमाला.'

साळवे आणि क्षीरसागर, ही ओळ मार्तंडला टोचली नाही. आई-वडील राहिले नव्हते. राहता राहिले काका. ते वर्षातून एकदा येत, पुतण्याच्या ब्रह्मचर्यावर एक व्याख्यान देत आणि बासुंदी खाऊन जात. ते येणं बंद झालं असतं. त्याचं आपल्याला फारसं वाईट वाटणार नाही, याचीच त्याला थोडी लाज वाटे. त्याची भीती वेगळीच होती. चार झाडांना फूल आणायला ज्याला दुसऱ्याची अक्कल लागली, त्या माणसाच्या घरात येऊन ही बाई काय करणार? मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून? पण बाहेरून बघणाऱ्याला माणसाचं गप्प बसणं दिसतं, त्याचं कारण दिसत नाही. हे मार्तंडच्या ध्यानात यायला तेवीस दिवस लागले, आणि तेही त्याला दुसऱ्यानं येऊन सांगावं लागलं.

तेरा डिसेंबर, शुक्रवार. सकाळचे साडेआठ. गोणपाटं केव्हाच माळ्यावर गेली होती. गल्लीतले बाकीचे वाफे आता उकरलेले, मोकळे. शरदातली म्हणावीत अशी शेवटची फुलं काय ती या एका भिंतीलगत उरलेली. तीही आता कडेनं तपकिरी पडत चाललेली. मार्तंड रोजच्यासारखा चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसला होता. थंडीत ऊन पाठीवर बरं वाटत होतं. फुलांकडं पाहताना त्याला सुख व्हायचं, आणि दुसऱ्याच क्षणी, हे सुख आपल्याला कुणी लावून दिलं तेही आठवायचं.

फाटक वाजलं. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, काखेत पिशवी घेतलेला एक उंच म्हातारा.

"क्षीरसागर तुमीच का? मी कारभारी साळवे. तिसगावहून आलो."

मार्तंडच्या हातातला चहा बशीत सांडला. "या... बसा. चहा—"

"घेऊ की. तुमचा तर सांडलाय." कारभारी पायरीवर बसले. शेवंतीकडं बराच वेळ पाहत राहिले. "हीच का ती? जिला पांघरून घालत हुता?"

"हो."

"पोरीनं धाडलं न्हाई मला. तिला ठावं बी न्हाई. डोळे तपासायला नगरला आलो हुतो. म्हनलं, न बोलनारा मानूस कसा असतो, डोळ्यांत औषिध घालायच्या आधी बघून घ्यावा."

मार्तंडला हसावं की नाही कळेना. "मी... उत्तर लिहितोय," तो म्हणाला.

"कवापासून?"

"तेवीस दिवस झाले."

म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमच्या मळ्यात गहू उगवून वीतभर झाला तेवढ्यात!" मग टोपीवरून हात फिरवत म्हणाले, "मी तिला म्हनलो हुतो, ही मानसं गप बसतील म्हनून. तुमी बसला. माझंच खरं झालं. म्हनलं, बरं वाटंल. न्हाई वाटलं." त्यांनी डोळे चोळले. "पोस्टमनची सायकल वाजली की आधी दारात जायची ती. या आठवड्यात न्हाई गेली. वह्या तपासत बसती आतच. सोमवारी नेवाशाचं लिहून देनार हाय. देऊ द्या, मुख्याध्यापक हुईल, मला काय, मान मोठाच हाय की! पर ती दारात जायची... ते मला बरं वाटत हुतं."

मार्तंड उभा राहिला. पुन्हा बसला. पुन्हा उभा राहिला.

"तुम्ही आजच परत जाणार? मग चिठ्ठी देतो, तुमच्याबरोबर—"

"छ्या!" कारभारी एकदम करडे झाले. "मी काय टपालवाला हाय? तिनं टपालानं इचारलं, तुमी टपालानं सांगा. व्हय म्हना, न्हाई म्हना, पर त्या सायकलवरनं येऊ द्या." आणि चहा संपवून, कपबशी स्वतः मोरीत विसळून ठेवून, ते दवाखान्याची वाट विचारत निघून गेले.

कोपऱ्यावरच्या पेटीतलं टपाल दहाला काढत. दहाचं टपाल म्हणजे तिसगावला शनिवारी. दुपारचं म्हणजे कदाचित सोमवारी, कदाचित नाही. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. आज वाचनालयाला उशीर होणार होता. सोळा वर्षांत पहिल्यांदाच.

मार्तंडनं आंतरदेशीय पत्र काढलं. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि तिथंच अडला. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. सायकलची घंटा ऐकून न उठणारी ती... वह्या तपासणारी... पुढं काही न खोडता त्यानं लिहिलं:

'जयमाला, फुलली. गेले महिनाभर फुलली आहेत आणि मी एकटा बघतो आहे. नगरला यावं याला मी एवढंच कारण आहे, आणि ते फार मोठं नाही, हे मला माहीत आहे. तरी या. इथं आलात तर मुख्याध्यापिका होता येणार नाही, म्हणून नेवासं निवडलंत तरी मी समजेन. मग नेवाशाला एक वाचनालय आहे, तिथं मी अर्ज करतो. तेही जमेल. पण एका घरात. उशीर माझा आहे, तुमच्या आडनावाचा नाही; दादांना तेवढं सांगा. ते आज येऊन गेले. कपबशी विसळून गेले, याची मला लाज वाटते आहे. मार्तंड.'

घड्या घातल्या, डिंक लावला, पत्ता लिहिला. चपला घालून तो निघाला. गोजरबाई ओट्यावरून ओरडल्या, "मार्तंडभाऊ, शर्टाची बटनं! कुठं आग लागली?" तो थांबला नाही. धावताना माणूस कसा दिसतो, याची काळजी करायची त्याला सवय होती; आज ती कोपऱ्यापर्यंत पुरली नाही.

पोस्टमन पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होता. मार्तंडनं पत्र पुढं केलं आणि हात तसाच राहिला. 'समजेन' हा शब्द बरोबर होता का? थोडा कोरडा वाटेल? 'तरी या'च्या आधी काहीतरी हवं होतं...

"द्यायचंय का सर?" पोस्टमन म्हणाला. "का दुपारच्याला घेऊ?"

"नाही," मार्तंड म्हणाला. "आत्ता."

पत्र पिशवीत पडलं, चारदोन पाकिटांच्या खाली गेलं. पोस्टमननं पिशवीचं तोंड आवळलं, सायकलला टांग मारली आणि घंटा वाजवत मोठ्या पोस्टाकडं निघाला. मार्तंड रस्त्याच्या कडेला, एक बटण उघडं, पाहत उभा राहिला.

आता त्यातलं काही खोडता येणार नव्हतं.