नवव्या लेव्हलमधली खोली

त्या दुपारी मी फक्त एक सही करायला गेलो होतो.

चौतीस वर्षांपूर्वी मी बनवलेला ‘शिडीवाला’ हा गेम एक नवी कंपनी पुन्हा नव्याने काढत होती. तुम्ही कदाचित खेळला नसाल. टोपी घातलेला एक बुटका माणूस खांद्यावर शिडी घेऊन छपरांवरून उड्या मारत जातो. अडेल तिथे शिडी लावतो, चढतो, शिडी वर ओढून घेतो आणि पुढे निघतो. एवढंच. पण त्या काळी त्याने लोकांना वेड लावलं होतं.

‘मी बनवलेला’ असं आताही तोंडातून गेलं बघा. जीभ त्याच वळणावर जाते.

तेव्हा मी दादा-वहिनींकडे राहायचो. मशीनला सूचना लिहिणं मला जमायचं, पण चित्र म्हटलं की माझा हात लाकडाचा. वहिनी उशांच्या अभ्र्यांवर फुल्याफुल्यांच्या टाक्याने पक्षी भरायची. एक दिवस मी पडद्यावरचे चौकोन दाखवून तिच्यापुढे रडगाणं गात होतो. ती म्हणाली, “भाऊजी, हे तर माझंच काम की. एक चौकोन, एक टाका.” ग्राफपेपर घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि कुकर उतरायच्या आत शिडीवाला तयार झाला. सोळा चौकोन उंच. समोरच्या इमारतीला रंग द्यायला आलेला एक माणूस जेवतानाही शिडी मांडीला टेकवून ठेवायचा, त्याच्यावरून तिला तो सुचला होता. पुढचे आठ महिने सगळी छपरं, सगळ्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या तिनेच काढल्या. डोकं दुखायला लागलं की कपाळाला बाम चोळायची आणि पुन्हा पेन्सिल उचलायची.

गेम तयार झाल्यावर तेव्हाच्या कंपनीच्या मालकाने विचारलं, “पहिल्या पडद्यावर नाव कुणाचं टाकायचं?”

मी म्हणालो, “माझं.”

त्याने आणखी काही विचारलं नाही आणि मी आणखी काही सांगितलं नाही.

घरी पहिल्यांदा गेम लावला तेव्हा वहिनी माझ्या मागे उभी होती. पहिला पडदा आला. तिने तो वाचला. “छान झालंय हो,” म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

त्यानंतर तिने ग्राफपेपरला हात लावला नाही. मी मात्र मुलाखती दिल्या. त्या रंगाऱ्याची गोष्टसुद्धा माझीच म्हणून सांगत राहिलो. अकरा वर्षांपूर्वी वहिनी गेली, तेव्हाही मी कुठल्याशा समारंभात शिडीवाल्याबद्दल बोलत होतो.

तर ती दुपार. नव्या गेमचं काम बघणारी एक तिशीतली चित्रकार होती, सगळे तिला कॅप्टन म्हणायचे. सही झाल्यावर ती मला चाचणीच्या खोलीत घेऊन गेली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना आवाज शोषणारा जाड काळा स्पंज लावलेला. दार लागलं आणि बाहेरच्या ऑफिसचा सगळा गलका एकदम तुटला. मशीनच्या पंख्यांची बारीक घरघर तेवढी उरली.

“सर, एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “नवव्या लेव्हलमधली ती खोली तुम्ही कधी टाकलीत?”

“कुठली खोली?”

तिने मला दाखवलं. नवा गेम देखणा झाला होता. छपरांवर ऊन सरकायचं, कपडे वाऱ्याने हलायचे. नवव्या लेव्हलमध्ये पाण्याच्या टाकीमागे एक कोरी भिंत आहे. कॅप्टनने शिडीवाल्याला तिथे नेलं, शिडी लावली आणि वर चढवलं.

पडदा एकदम जुना झाला. मोठमोठे चौकोन, मोजून आठ रंग. एक स्वयंपाकघर. खिडकीला अर्धाच पडदा, भिंतीवर एक काटा नसलेलं घड्याळ, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल. आमचं टेबल. ती घडी मीच घातली होती. टेबलाशी पाठमोरी बसलेली एक बाई, कागदावर वाकलेली. तिचा उजवा हात एक चौकोन पुढे जायचा, एक चौकोन मागे यायचा.

स्पीकरमधून पेन्सिलीची खरखर येत होती.

“हा आवाज आमच्यापैकी कुणी टाकलेला नाही,” कॅप्टन म्हणाली. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, “कुणी बाम लावलाय का इथे…?”

मलाही वास येत होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

खरं सांगायची वेळ होती ती. पण इतक्या वर्षांची सवय…

“मीच टाकली होती,” मी म्हणालो. “गंमत म्हणून.”

खरखर थांबली.

पडद्यावरच्या बाईचं डोकं दोन चौकोन वळलं. चेहरा दिसेल इतकं नाही. मागे कुणी बोललं तर ऐकायला आपण वळवतो, तेवढंच.

“सर,” कॅप्टनचा आवाज खाली आला होता, “मी जुनी डिस्क ओळ न ओळ वाचली आहे. त्यात ही खोली नाही. आणि ती आजवर कधी थांबली नव्हती…”

मी काहीतरी निमित्त काढून निघालो.

घरी आल्यावर दादाला फोन लावला. तो आता ऐंशीचा आहे, मुलाकडे राहतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “दादा, गेमवर तिचं नाव नव्हतं, त्याबद्दल वहिनी कधी काही बोलली होती का रे?”

तो म्हणाला, “एकदाच. म्हणाली, भाऊजींनी विचारलं असतं ना, तर मी आपणहून म्हटलं असतं, तुमचंच टाका.”

“आणि तू? तू मला का नाही बोललास?”

“तिने शपथ घातली होती. तुला वाईट वाटेल म्हणून.”

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला फोन करून सांगितलं, शेवटच्या नामावलीत माझ्या वहिनीचं नाव घाला. तिने विचारलं, “कशाखाली घालू?” आणि ऐका, माणूस किती कोता असतो ते. मी म्हणालो, “विशेष आभार.”

संध्याकाळच्या आत तिचा फोन आला. “सर, त्या खोलीतली बाई उठलीय. टेबलाच्या बाजूला सरकून उभी आहे. कागद दिसतोय आता.”

“काय आहे कागदावर?”

“पावलं. नुसती पावलं काढलीत. आणि शेजारी एक काठी टेकलेली.”

गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरलो, तेव्हापासून काठी घेऊन चालतो. वहिनीने मला काठी घेतलेलं कधी पाहिलं नाही. आणि ती सगळी चित्रं पावलांपासून वर काढायची. उभं राहता आलं पाहिजे ना आधी, म्हणायची.

तशीच रिक्षा करून मी स्टुडिओत गेलो. त्या बिनखिडकीच्या खोलीत कॅप्टनसमोर बसून सगळं सांगितलं. टेबल, अभ्रे, रंगारी, मालकाचा प्रश्न, माझं उत्तर. बोलताना मी पडद्याकडे पाहिलं नाही. शेवटी तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि म्हणाली, “नाव सांगा.” मी अक्षर न् अक्षर सांगितलं. पहिल्या पडद्यावर, माझ्या नावाच्या वर, ‘सर्व चित्रं आणि कल्पना’ असं लिहून तिने वहिनीचं नाव टाकलं. मग मी जुन्या मुलाखती छापणाऱ्यांनाही पत्रं लिहिली. त्यातलं एक दादाला फोनवर वाचून दाखवलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मला वाटलं, आता संपलं. तिचं तिला मिळालं.

गेम बाजारात जायच्या आधी कॅप्टनने ती भिंत बंद केली. तिथे शिडी टेकतच नाही, असं करून टाकलं. तरीही गेम बाजारात आल्यावर आठ दिवसांत लोकांची पत्रं यायला लागली. नवव्या लेव्हलमधली खोली फार सुंदर आहे, ती बाई कोण, ती कुणाचं चित्र काढतेय. सगळ्यांना तेच चित्र दिसतं. रोज एक ओळ वाढते.

गुडघे झाले, सदरा झाला. डाव्या खिशातलं पेनसुद्धा काढलंय. कॅप्टन मला रोज सकाळी फोन करते. मी नको म्हणत नाही.

आजही तिचा फोन आला.

“खांद्यापर्यंत आलंय, सर.”

“मग?”

“तुमच्या खांद्यावर… एक हात आहे. मागून आलेला. चार बोटं दिसतात.”

मी विचारलं, कसा ठेवलाय? अलगद, की घट्ट धरलंय?

ती म्हणाली, खूप वेळ बघितलं, सर. इतक्या कमी चौकोनांत ते कळत नाही.