मधली अकरा मिनिटं

फिलिपिन्समधल्या बोलिनाओ गावच्या शाळेत दर शनिवारी मी मुलांना प्रथमोपचार शिकवते. काथ्या भरलेलं पोतं हा आमचा रोगी. त्याची छाती दाबणारा दमला की मी म्हणते, "बदल!" लगेच दुसरा हात ठेवतो. एकदा हात लावला की मध्येच सोडायचं नाही, हा आमचा पहिला धडा.

तोच माझ्यावर उलटला.

एप्रिलमध्ये रुफिनोच्या खासगी बोटीवर मासे धरायला आम्ही तिघंच होतो: तो, मी आणि मँग, म्हणजे काका, सेल्सो. भर दुपारी मँग सेल्सो कोसळले. श्वास बंद.

"मॅडम, हात लावू नका! उद्या कोर्टात खेचतील," सुकाणूवरून रुफिनो ओरडला.

"तू बोट हाक. कोर्टाचं मी बघते."

बंदर पन्नास मिनिटांवर. माझं वय सदुसष्ट.

मँग सेल्सो वाचले, पण तीन बरगड्या मोडल्या, डावा हात लुळा पडला. म्हातारीनं मध्येच दाबणं सोडलं म्हणून असं झालं, अशी तक्रार त्यांच्या मुलीनं, विल्मानं, गावच्या कचेरीत केली. तक्रार टिकली असती तर माझा वर्ग बंद.

गावप्रमुख नेनिता, सगळ्यांची 'कॅप', माझीच विद्यार्थिनी. तिनं खाली बघत विचारलं, "मॅडम, थांबला होतात?"

"थांबले. हातच चालेनात. सवयीनं 'बदल' म्हणाले. पुढचं आठवत नाही."

"घ्या! स्वतःच कबूल करतायत," विल्मा म्हणाली.

रुफिनोनं गुपचूप फोन पुढे केला. मासा गळाला लागताना टिपायला त्यानं तो सुकाणूपाशी लावला होता. गडबडीत बंद करायचा राहिला.

चित्रणात तेविसाव्या मिनिटाला मी मागे सरकते. हात मांडीवर. ओठ हलतात.

मँग सेल्सोंची छाती कुणी दाबल्यासारखी खाली जाते.

वर येते. पुन्हा खाली.

कडेला सुकाणूवर रुफिनोचे दोन्ही हात दिसतात.

अकरा मिनिटं. एकही ठोका चुकत नाही. मग मी पुढे होते.

विल्मानं छातीवर क्रूसाची खूण केली, उठली आणि थोरांचा आशीर्वाद घेतात तसा माझा हात आपल्या कपाळाला लावला.

"मदत थांबली नव्हती, कॅप. तक्रार मागे घेते."

नेनितानं शिक्का आपटला. "शनिवारी माझी दोन्ही कार्टी पाठवते, मॅडम. खुशाल कान पिळा!"

बाहेर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शनिवारी एकतीस मुलं आली. इतकी कधीच नव्हती. पहिली मुलगी दमली.

"बदल!"

ती बाजूला झाली. दुसरी अजून चपला काढत होती.

काथ्या करकरला. पोतं खाली गेलं, वर आलं.

मुलं सवयीनं मोजू लागली, "एक, दोन, तीन..."